फाळाखालचा दाणा

आत्याबाई,

मळा राहिला.

हे आधी सांगते, कारण कुठलीही गोष्ट शेवटापासून ऐकायची तुमची खोड मला ठाऊक आहे. कीर्तनाला बसलात तरी शेजारणीला कोपरानं ढोसून विचारायचात, "जिकला का हरला त्ये आधी सांग, मग निवांत आयकते." तर जिंकलो. काल चावडीत नोंद मंजूर झाली. तुमच्या वडलांच्या नावाखाली तुमचं नाव होतं, तुमच्या नावाखाली आता माझं आहे. आता निवांत ऐका.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. तांदूळ निवडले, डाळ भिजायला घातली, पत्रावळी मोजून ठेवल्या, भटजींना निरोप गेला, गवारीची भाजी तुम्हाला आवडायची म्हणून ती पहाटे तोडायची ठरली. कामं उरकली आणि दुपार हातात उरली, म्हणून लिहायला बसले.

वर्षभर लोक म्हणत होते की ठकूबाईची सून कोरडी आहे, सासू गेली तरी डोळ्याला पदर लागला नाही. पदर कमरेला खोचलेला होता, तो डोळ्याला कसा लागणार? पण एक सांगते. पाटाच्या पाण्याची आपली पाळी आली की मी अजून दोन खोरी बाहेर काढते. एक माझं, एक तुमचं. बांधापर्यंत जाते, मग दुसरं तिथंच उभं करून ठेवते आणि एकटीनं दारं धरते. हे मी कुणाला बोलले नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

आता तुमचं आणि माझं पहिलं भांडण. मास्तरांना बोलावून मृत्युपत्र लिहून घेतलं त्या दिवशीचं.

हुरड्याचे दिवस होते. मास्तर बोरू-दौत घेऊन आले, रामभाऊ माळी साक्षीला आले. मला मास्तरांनी ओसरीवर बसवलं, कारण ज्याला मिळायचं त्यानं लिहिताना जवळ बसू नये म्हणे. पण आपल्या घराच्या भिंती त्या केवढ्या! सगळं ऐकू येत होतं. माहेरची जमीन, आंब्यापासून पाटापर्यंत, माझ्या पश्चात माझी सून अनसूया हिला. एवढं लिहून मास्तर म्हणाले, "ठकूबाई, अंगठा करा."

"अंगठा नगं. अंगठा काय, समद्यांचा काळाच. त्यातनं ठकी कोनती न् गंगी कोनती, कसं कळायचं?"

"मग बांगडी काढा. बायकांची निशाणी बांगडीची असते."

"आवं मास्तर, माझ्या हातात बांगडी हाय व्हय? ती फुटून तीस पावसाळं झालं. माझ्या हातात नांगर हाय. त्योच काढते."

मास्तर थांबले असावेत. पुरुषांनी नांगर काढायचा, बायकांनी बांगडी, ही वहिवाट त्यांच्या वडलांच्याही आधीची. पण तुमच्यापुढं वहिवाट कधी टिकली? मामंजी गेल्यावर तुम्ही कन्हेरी सोडून तीन वर्षांच्या लेकाला घेऊन इथं बापाच्या मळ्यात आलात आणि स्वतः नांगर धरलात, तेव्हा गाव म्हणालं होतं की बाईनं नांगर धरला तर पाऊस पळतो. तुम्ही म्हणालात, "पळू दे की. माझा मळा पाटावर हाय."

तर तुम्ही नांगर काढलात आणि मास्तरांनी त्याच्याशेजारी लिहिलं, निशाणी नांगर, ठकूबाईच्या हातची. कागद वाळवायला म्हणून माझ्याकडं आला. बघते तर फाळाखाली शाईचा हा एवढा ठिपका. मला डाग खपत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, "मास्तर, डाग पडला. दुसऱ्या कागदावर लिहा."

"डाग न्हाय त्यो," तुम्ही आतून ओरडलात. "दाना हाय. नुसता नांगर कुनाचाबी आसंल. माझ्या फाळाखाली दाना आस्तोय."

"आत्याबाई, कोर्टात दाण्यालासुद्धा डागच म्हणतात."

"मग कोर्टाला शेती शिकीव."

मास्तर हसले, रामभाऊंनी साक्ष केली आणि माझा संताप कुणी मनावर घेतला नाही.

दुसरं भांडण त्याहून जुनं. फिरकीच्या तांब्याचं. आपल्या घरातून बाहेर गेलेल्या भांड्यांची यादी मी चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहिते, त्यावरून तुम्ही मला कमी हसला नाहीत. "भितीला काय इचारतीस, मला इचार," म्हणायचात. आणि तुम्हाला विचारलं की सांगायचात, "आसंल कुनाकडं तरी." कन्हेरीला हौसाच्या ठमीचं लग्न झालं, तेव्हा आपली सगळी पितळ गाडीत घालून नेलीत. हौसाचे यजमान धोंडीबा भावजी म्हणजे तुमच्या दिराचा मुलगा, तेव्हा घरचंच कार्य. लग्नानंतर परात आली, बंब आला, घागरी आल्या. फिरकीच्या झाकणाचा, प्रवासाला न्यायचा तो तांब्या मात्र आला नाही. भिंतीवर ओळ राहिली: फिरकीचा तांब्या, कन्हेरी, यायचा.

दर संक्रांतीला मी आठवण करायची आणि तुम्ही म्हणायचात, "आसू दे की गं. भाऊबंदाच्या घरात आपलं येक भांडं आसावं."

"कशाला?"

"तहान लागली म्हंजी."

याच्यापुढं तुम्ही कधी बोलला नाहीत. मीही दर वर्षी ती ओळ खडूनं पुन्हा ठळक करत राहिले.

तुम्ही गेलात त्याच्या तेराव्यालाच धोंडीबा भावजींनी विषय काढला. पंगत उठली होती, मी उष्टी काढत होते.

"वयनी, आता तुमी भावाकडं जावा. हितं येकट्या बाईमानसाला कसं झेपंल? मळ्याचं मी बगतो."

"मळ्याचं आत्याबाईंनी बघून ठेवलंय, भावजी. कागद आहे."

"बगितला त्यो कागद. नांगर काढलाय त्यावर. बाईमानूस कंदी नांगर काढतं व्हय? काकींचा असता तर बांगडी असती. कुनीतरी काढून ठिवलाय." आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "लिवनारं घरातच हाय की."

मी लहानपणी शाळा शिकले, हे आजवर कुणी असं तोंडावर फेकलं नव्हतं. मी उष्टी काढून झाल्यावर बसले आणि यादी केली. मयताची नोंद पाटलांकडून. जमिनीचा उतारा इंदापूरहून. रामभाऊ माळी तुमच्या आधीच गेले, म्हणून साक्षीला मास्तर. मग वकील. भावाकडं जाणे, हे यादीत घातलं नाही. माझा भाऊ चांगला आहे. पण चांगल्या भावाच्या घरातही बहिणीला मीठ मागून घ्यावं लागतं, आणि इथं तुम्ही मला पहिल्या दिवसापासून मिठाच्या मडक्यापाशी बसवलंत.

इंदापूरला मोटारीनं गेले. मामलेदार कचेरीतल्या कारकुनानं चष्म्यावरून बघितलं. "बाई, बरोबर कोणी पुरुष माणूस?"

"पुरुष माणसानंच हरकत घेतलीय. त्याला बरोबर कशी आणू?"

शेजारचा म्हातारा शेतकरी एवढा मोठ्यानं हसला की कारकुनालाही हसावं लागलं. उतारा दिला त्यानं. पण बजावलं, "नोंद इथं व्हायची नाही. हरकत आली म्हटल्यावर मृत्युपत्र बारामतीच्या कोर्टात शाबीत करून आणा, मग या." मला तेच अपेक्षित होतं. त्याला वाटलं मी रडेन. मी विचारलं, "बारामतीची मोटार किती वाजता?"

वकीलसाहेबांनी उतारा वाचून पहिलाच प्रश्न केला, "जमीन त्यांना नवऱ्याकडून आली की बापाकडून?"

"बापाकडून. एकुलत्या एक लेक होत्या."

"मग त्यांची पुरी मालकी. द्यायची त्याला देतील. आता प्रश्न एकच उरतो. हा नांगर त्यांचा की नाही?"

मी म्हटलं, घरातली प्रत्येक परात, प्रत्येक घागर घेऊन येते. बारामतीच्या तांबटाकडून तुम्ही सगळ्या भांड्यांवर नांगर ठोकून घेतला होता, दाण्यासकट. वकीलसाहेबांनी मान हलवली. "तुमच्या घरातलं भांडं चालायचं नाही, अनसूयाबाई. परवा ठोकून आणलं म्हणतील. दुसरीकडं कुठं आहे का? पाण्याचे अर्ज? पावत्या?"

कुठं असणार? माझा नवरा होता तोवर अर्जांवर त्याची सही, तो गेल्यापासून माझी. घरात सही करता येणारं माणूस असताना तुम्हाला कोण बोरू धरायला लावील? कागदावरचा नांगर तो एकच, मृत्युपत्रावरचा.

परतीच्या मोटारीत मला तुमचा राग आला, आत्याबाई. मळा देऊन गेलात, पण एका अंगठ्यानं काम झालं असतं तिथं नांगर काढून गेलात. हा राग पुष्कळ दिवस टिकला. त्याच्या जोरावर मी कांद्याची सगळी खुरपणी एकटीनं काढली.

तारीख लागली. कोर्टात मास्तरांनी नीट साक्ष दिली. पण समोरचे वकील हुशार होते. त्यांनी मृत्युपत्र हातात धरून सगळ्यांना दाखवलं. "निशाणी बाईची नाही, पुरुषाची. ती काढतानासुद्धा हात थरथरलाय. हा बघा खाली शाईचा डाग पडलाय. खोटं काम घाईत केलं की असं होतं." मास्तर म्हणाले, "डाग नाही, दाणा आहे." तर सगळं कोर्ट हसलं. मास्तरांचा चेहरा उतरला. जज्जसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी लिहूनही घेतलं नाही, आणि मला ते हसण्यापेक्षा वाईट वाटलं.

मधली सुट्टी झाली. आवारातल्या लिंबाखाली जो तो आपापली भाकरी सोडून बसला. धोंडीबा भावजी थोडे पलीकडं बसले होते. हौसा कन्हेरीहून त्यांची भाकरी घेऊन चालत आली होती. तिनं कांदा फोडून दिला आणि पिशवीतून पाण्याचा तांब्या काढून फिरकी उघडली.

माझा घास हातातच राहिला.

मी वर्षानुवर्षं भिंतीवर ज्याची ओळ गिरवत होते, तो तांब्या चार पावलांवर उन्हात चमकत होता. राखेनं घासून लखलखीत. मानेखाली नांगर. नांगराच्या फाळाखाली दाणा.

वकीलसाहेब वरांड्यात दशम्या खात होते. मी जाऊन म्हटलं, "हात धुवा आणि त्या तांब्याकडं बघा. पण उठू नका."

त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "त्यांना पोटभर पाणी पिऊ द्या. आणि तुम्ही जाऊन आपली भाकरी संपवा. चेहरा मघाचाच ठेवा."

मी चेहरा मघाचाच ठेवला. आयुष्यात एवढं कठीण काम केलं नव्हतं.

सुट्टीनंतर भावजी पिंजऱ्यात उभे राहिले. शपथ झाली. आपल्या वकीलसाहेबांनी अगदी मायेनं सुरुवात केली. "धोंडीबा, तुम्ही सही करता की निशाणी?"

"आमी अंगठा करतो."

"तुमचे वडील?"

"त्येबी अंगठाच."

"घरात कुणी नांगराची निशाणी काढतं?"

"न्हाय बा. आमच्या घरात न्हाय कुनी."

"ऊन फार आहे. पाणी घ्या थोडं. दाराशी आहे तो तुमचाच तांब्या ना? पट्टेवाले, द्या त्यांना."

भावजी तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायले. वकीलसाहेब थांबले. मग म्हणाले, "तांब्या छान आहे. घरचाच?"

"व्हय. घरचाच."

"त्याच्यावर काय काढलंय, जरा साहेबांना सांगा."

भावजींनी तांब्या फिरवला. ते भांडं इतकी वर्षं रोज हातात होतं, पण त्यांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. समोरचे वकील उठून म्हणाले, "शेतकऱ्याचं घर आहे, नांगर असायचाच." भावजींना धीर आला. "व्हय, शेतकरी मानसं आमी. आमचाच हाय त्यो नांगर."

तेवढ्यात मागून, दाराजवळून आवाज आला. "आवं, असं काय करताय? त्यो काकींचा तांब्या! आपल्या ठमीच्या लगनात आनला हुता. परत द्याचा ऱ्हायला नव्हं का?"

"कोण आहे ती बाई?" जज्जसाहेबांनी विचारलं.

हौसानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "मी ह्यांची मंडळी."

असं हसू पिकलं की पट्टेवाल्याला तीनदा ओरडावं लागलं. पण या वेळी कोणावर हसताहेत हे सगळ्यांना कळत होतं. मास्तरसुद्धा ताठ बसले. हौसाला पुढं बोलावून शपथ दिली, तीच गोष्ट तिनं पुन्हा सांगितली, आणि जज्जसाहेबांनी तांब्या मागून घेतला. एका हातात तांब्या, एका हातात तुमचा कागद. त्यांनी नांगरावर अंगठा ठेवला, सगळा नांगर झाकला, आणि फक्त खालचा ठिपका बघितला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग समोरच्या वकिलांना म्हणाले, "हात थरथरला म्हणालात. तांबटाचाही थरथरला का?"

ते वकील हुशार होते, म्हणून खाली बसले.

निकाल पुढच्या तारखेला लागला. मृत्युपत्र खरं, निशाणी ठकूबाईची. पण माझ्या लेखी तो त्या दिवशीच लागला होता, तांब्या जज्जसाहेबांच्या टेबलावर टेकला तेव्हा. बारामतीच्या बाजारात ही बातमी आमच्या आधी पोचली. कांद्याचा व्यापारी मला बघून म्हणाला, "म्हातारीनं मेल्यावरबी धोंडीबाला पाणी पाजलं की वो! तेबी सोताच्या तांब्यातनं!"

भावजींचं एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल सून माणूसघाणी झाली. निकालाच्या दिवशी मोटारीच्या अड्ड्यावर ते समोर आले. माझी पिशवी उचलून टपावर चढवली, नीट बांधली. "काकींचा हात लई पक्का हुता," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "वर्षश्राद्धाला या." येतो म्हणाले.

पण खरी गोष्ट हौसाची. साक्ष झाली त्याच दिवशी, कोर्टाच्या फाटकाबाहेर तिनं मला गाठलं. भावजी पुढं गेले होते. मी तिला म्हटलं, "हौसा, तुझ्या भोळेपणानं माझा मळा वाचला."

ती माझ्याकडं अशी बघत राहिली की मला माझीच लाज वाटावी.

"जाऊबाई, घरात चार तांबं हायती. आज ह्योच आनला."

"म्हणजे?"

"रोज घासते मी त्यो. मला नांगर दिसत नसंल व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "ठमीच्या लगनात माझ्या घरात पंगतीला पानी वाढाया भांडं नव्हतं. काकी गाडीभर घिऊन आल्या, आन् येकालाबी कळू दिलं न्हाय. येईल त्याला सांगत हुत्या, हौसाची पितळ बगा, हौसाची पितळ. सोता पानी वाढत हिंडल्या. जाताना ह्यो तांब्या माझ्या फडताळात मागं सरकवून गेल्या. मी म्हनलं, काकी, ऱ्हायला. तर म्हनल्या, ऱ्हायला न्हाय, ऱ्हाऊ दे."

आत्याबाई, एवढी वर्षं मी संक्रांतीला तुमच्या मागं लागले, तेव्हा हे एका वाक्यात सांगता आलं नसतं? नसतं. कारण सांगितलं असतं तर हौसाची पितळ हौसाची राहिली नसती. मला हे समजायला फाटकाबाहेर उभं राहावं लागलं. तो तांब्या उसना नव्हताच. उसना मी लिहून ठेवला होता.

मी हौसाला विचारलं, हे सगळं कधी लिहिलं तर चालेल का. ती हसली. "लिवा की. ह्यांना कुठं वाचाया येतंय?"

"आणि कुणी वाचून दाखवलं तर?"

"तर म्हनावं, भांडं घासून दिलं हुतं. तेवडंच माझं काम."

काल चावडीत तलाठ्यानं नोंदीवर सही करायला बोट दाखवलं. मास्तर बरोबर होते. ते हळूच म्हणाले, "नांगर काढा की, अनसूयाबाई. आता तो तुमच्याच घरचा." क्षणभर बोरू थांबला. पण नाही काढला. नांगर काढायला तो आधी धरावा लागतो, आणि मी अजून नुसतं खोरं धरते. मी माझं नाव लिहिलं, स्वच्छ, डाग न पाडता. पुढच्या पेरणीला धरून बघणार आहे. पाऊस पळाला तर पळू दे.

कोर्टानं तांब्या परत दिला तो माझ्या हातात दिला, कारण कागदोपत्री तुमची वारस मी. तो घरी न आणता मी थेट कन्हेरीला गेले आणि हौसाच्या फडताळात, मागं सरकवून ठेवला. उद्या ती स्वयंपाकाला येणार आहे. येताना त्याच तांब्यातून पाणी आणते म्हणाली, तुमच्या पानापाशी ठेवायला.

आत्ता हे लिहिता लिहिता उठले आणि चुलीमागच्या भिंतीशी गेले. फिरकीचा तांब्या, कन्हेरी, यायचा. 'यायचा' पुसलं. तिथं 'दिला' लिहिलं, आणि त्याच्याखाली खडू दाबून एक ठिपका काढला. भिंतीवर तो डागासारखाच दिसतो. दिसू दे.

आणि हो, हे राहिलंच. तुम्ही सांगितलेलं काम केलं. कोर्टाला शेती शिकवली.

तुमची,
अनसूया